मुलमुले आणि अणुगर्भातलं बल

एकोणीसशे पन्नासच्या सुमाराला वर्ध्यात काहीही अडलं तरी सल्ला द्यायला माणूस मिळायचा. चरखा अडकला असेल, कापसाचा भाव पडला असेल, पोट साफ होत नसेल किंवा आत्म्याला शांती नसेल, प्रत्येक बाबतीत गावात निदान दोन तज्ज्ञ होते आणि ते एकमेकांशी बोलत नसत. पण अणूच्या गर्भात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीनं बसलेले असतात, त्यांना तिथे कोण धरून ठेवतं, हा प्रश्न अख्ख्या जिल्ह्यात एकाच माणसाला पडला होता. त्याचं नाव श्रीनिवास मुलमुले.

मुलमुले एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. वर्ध्याला लागूनच बोरगाव मेघेला दोन खोल्यांत बिऱ्हाड, सायकलवरून जाणं-येणं, अंगाला खादी. खादी तत्त्वानं नव्हे, तर कॉलेजच्या चालकांना गिरणीचं कापड दिसलं की खोकला येई म्हणून. बायको सुनीती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. तिला जगातल्या सगळ्या नद्या पाठ होत्या आणि नवऱ्याचे सगळे बेत.

प्रश्न तसा साधाच होता. प्रोटॉनांवर धन विद्युतभार असतो आणि सारखे भार एकमेकांना ढकलतात, हे मॅट्रिकच्या पोरालाही ठाऊक. मग युरेनियमच्या गर्भात ब्याण्णव प्रोटॉन एका जागी मुकाट बसतात ते कोणाच्या धाकानं? तिथे दुसरं काही तरी बल असलं पाहिजे. विजेच्या बलाहून कितीतरी जोरकस, पण फार आखूड हाताचं. सेंटीमीटरचे दहा लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एखाद-दुसऱ्या भागापुरतीच त्याची सत्ता, त्यापलीकडे त्याला कुणी ओळखत नाही. मुलमुल्यांना हे बल नगरपालिकेच्या मेंबरासारखं वाटे. आपल्या वॉर्डात वाघ, आणि स्टेशन ओलांडलं की कोण हा?

युकावा नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं याचं एक उत्तर सुचवलं होतं. गर्भातले कण मेसॉन नावाचा आणखी एक कण सतत एकमेकांना देत-घेत असतात, आणि या देवघेवीतूनच ती ओढ तयार होते. त्याला एकोणपन्नास साली नोबेल मिळालं. मुलमुल्यांनी ते वर्तमानपत्रात वाचलं आणि पुढचं काम आपण करावं असं ठरवलं. जपानी माणसानं हे सगळं कागद-पेन्सिलीवर केलं होतं आणि कागद-पेन्सिल बोरगावातही मिळत होती. तर्क बिनतोड होता.

डॉक्टरेट करायची तर मार्गदर्शक लागतो. नागपूरचे डॉ. अच्युतराव गर्गे तयार झाले. ते क्ष-किरणांचे माणूस. त्यांनी मुलमुल्यांचं सगळं म्हणणं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "अणुगर्भ ना? छान विषय. मला त्यातलं काही कळत नाही, त्यामुळे माझी तुम्हाला अडचण होणार नाही. तुम्ही करा, मी सही करतो." इतका प्रामाणिक मार्गदर्शक मिळणं कठीण, आणि प्रामाणिकपणाची ही शिल्लक त्यांनी तिथेच संपवली.

काम असं होतं. त्या बलाचं एक सूत्र मांडायचं, म्हणजे दोन कणांत अंतर इतकं असेल तर ओढ किती. सूत्रात दोन अक्षरं. एक ओढीचा जोर, दुसरं तिचा पल्ला. अक्षरांच्या जागी आकडे घालायचे आणि त्यावरून ड्यूटेरॉनचा हिशोब करायचा. ड्यूटेरॉन म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन एवढाच संसार असलेला सगळ्यात लहान जोड-गर्भ. तो फोडायला किती ऊर्जा लागते ते परदेशी प्रयोगशाळांनी मोजून ठेवलं होतं. आपलं उत्तर त्याच्याशी जुळलं नाही की आकडे बदलायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एका फेरीला आठवडा जाई. मोठे गुणाकार करायच्या लॉगच्या पुस्तकाची पानं मुलमुल्यांच्या बोटांनी काळी पडली होती.

या कामात त्यांना जोडीदार मिळाला तो गणिताचे लेक्चरर प्रेमदास मेश्राम यांच्या रूपानं. मेश्राम पुलगावजवळच्या खेड्यातले, शिष्यवृत्तीवर शिकलेले, कमी बोलणारे आणि बोलले की समोरच्याला घाम फोडणारे. एकदा स्टाफरूममध्ये मुलमुल्यांचे कागद पाहून त्यांनी एक चूक दाखवली. मुलमुल्यांनी त्यांच्या दुरुस्तीत दुसरी चूक दाखवली. अशा पायावर उभी राहिलेली मैत्री सहसा ढासळत नाही. दोघं समोरासमोर बसत, एक बेरीज-गुणाकार करी, दुसरा ती उलटून तपासी.

त्या स्टाफरूममध्ये एक माठ होता. माठाजवळ पितळेचे पेले उपडे घातलेले असत, आणि एक पेला वेगळा, खिडकीत. तो मेश्रामांचा. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, कुणी तो सांगितलाही नव्हता. अस्पृश्यता घटनेनं कधीच गाडली होती, कॉलेजच्या भिंतीवर तसं सुवचनही होतं. पेला तेवढा खिडकीत राहिला होता. मुलमुल्यांना तो रोज दिसे. त्यांनी त्याबद्दल मनापासून वाईट वाटून घेतलं होतं आणि तेवढ्यावर भागवलं होतं.

चोपन्न साली अमेरिकेनं समुद्रात हायड्रोजन बॉम्ब उडवून पाहिला आणि वर्ध्यात हरिभाऊ काकपुऱ्यांना जाग आली. हरिभाऊंची कापसाची जिनिंग फॅक्टरी होती आणि गावातल्या प्रत्येक समितीत एक खुर्ची. स्टेजवर चढले की ते छापील मराठी बोलत, खाली उतरले की वऱ्हाडी. ते स्वतः बोरगावला आले.

"सर, लोक बॉम्बच्या नावानं भेऊन राह्यले. व्याख्यानमालेत अणूवर बोला. पण सोपं बोला, गणित नाई पायजे. अन् शेवट गोड करा."

मुलमुल्यांनी आयुष्यात इंटरच्या वर्गापुढेच भाषण केलेलं, तिथे शेवट घंटेनं होतो. ते आठवडाभर विचार करत होते. मग त्यांना स्वयंपाकघरात सुचलं. शेजारच्या कुंभारेबाईंनी वाटीभर भरीत पाठवलं होतं आणि सुनीती त्याच वाटीत आपली चटणी घालून परत पाठवत होती. शेजारची वाटी रिकामी परत करायची नसते, म्हणून ती कायम फिरत राहते. त्यांनी व्याख्यानात हेच सांगितलं. दोन घरं आहेत. त्यांच्यात एक वाटी सतत जाते-येते. वाटी फिरते आहे तोवर घरं बांधलेली आहेत. मेसॉन म्हणजे ती वाटी. आणि या बलाचा हात आखूड का? कारण मेसॉन वजनदार असतो. हलकी वाटी गल्लीच्या टोकापर्यंतही नेता येते, पण कुणी दळायचं जातं उचलून देऊ लागला तर शेजारच्या ओट्यापलीकडे जायचा नाही.

लोक खूष झाले. आयाबाया एकमेकींकडे पाहून हसल्या. अणू इतका घरचा निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. मग अध्यक्षीय समारोपाला हरिभाऊ उठले. "बंधुभगिनींनो, मुलमुले सरांनी शास्त्राच्या भाषेत जे सांगितले त्याला आपल्या भाषेत काय म्हणतात? प्रेम. विश्वाच्या गाभ्यात काय आहे? प्रेम. तिकडे ते प्रेम फोडून बॉम्ब करतात, इकडे आपण जोडतो." टाळ्या थांबेनात. मुलमुले मनात म्हणाले, असं मी काही बोललो नाही. पण गळ्यात हार होता, आणि हार घातलेल्या माणसाला खुलासा करणं अवघड जातं.

पुढची दोन वर्षं 'अणूतले प्रेम' जिल्हाभर फिरलं. देवळी, सेलू, आर्वी, पुलगाव. शिक्षकांचं शिबिर, महिला मंडळ, सूतकताई स्पर्धेचा बक्षीस समारंभ. पवनारकडच्या एका खेड्यात तर विहिरीच्या उद्घाटनालाही त्यांना अणूवर बोलावं लागलं. हरिभाऊ प्रत्येक ठिकाणी अध्यक्ष. मुलमुल्यांच्या घरात नारळ इतके साठले की सुनीती महिनाभर प्रत्येक भाजीत खोबरं घालत होती. त्यांना हे सगळं आवडायला लागलं होतं, हे सांगायलाच हवं. वाटीचं वाक्य कुठे सावकाश म्हणायचं आणि कुठे थांबून पाणी प्यायचं हे त्यांना नेमकं जमू लागलं. ड्यूटेरॉनचे कागद मात्र टेबलावर धूळ खात.

सुनीती एकदा म्हणाली, "तुमचं ते सूत्र कुठवर आलं? पूर्वी दोन अक्षरं होती."

"आता पाच आहेत," मुलमुले म्हणाले. ड्यूटेरॉन चेंडूसारखा गोल नसून किंचित लांबट आहे, असं प्रयोगांत दिसलं होतं. म्हणजे ओढ नुसत्या अंतरावर नाही, कण कोणत्या दिशेला तोंड करून फिरत आहेत यावरही अवलंबून. त्यासाठी सूत्रात आणखी अक्षरं लागली होती.

"उद्या अख्खी बाराखडी घातली तर उत्तर जुळेलच की," ती म्हणाली. "मग त्यात निसर्गाचं काय आणि तुमच्या पदरचं काय, हे कसं ओळखायचं?"

मुलमुल्यांनी पोळी संपवली आणि दुसऱ्या दिवसाच्या भाषणाची तयारी करायला गेले. हाच प्रश्न त्या काळी अमेरिकेतले आणि जपानातले मोठमोठे लोक एकमेकांना विचारत होते आणि तेही काही तरी दुसरं करायला जात होते.

खरा घाव मेश्रामांनी घातला. आर्वीच्या व्याख्यानाला ते सहज म्हणून गेले होते. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी विचारलं, "सर, ते वाटी इकडून तिकडे जाते म्हणता तुमी. आमच्या घरची वाटी कोणाच्या घरी गेलती?"

"ते उदाहरण आहे, मेश्राम."

"उदाहरणच म्हणून राह्यलो मी. उदाहरणातबी नाई गेली."

मेश्रामांनी पेन्सिलीला टोक काढलं.

"अन् तुमच्या सूत्रात तर वेगळंच आहे. प्रोटॉन-प्रोटॉन असो, न्यूट्रॉन-न्यूट्रॉन असो, नाई तर एक-एक असो, बल एकच. त्याले भाराशी घेणंदेणं नाई. प्रयोगातबी तसंच निंगालं. मंग तेवढं काऊन नाई सांगत लोकाइले?"

पुढचं व्याख्यान हिंगणघाटला होतं. मुलमुल्यांनी तिथे ते वाक्य घातलं. हे बल समोरच्याचा भार विचारत नाही, म्हणाले, आणि आपल्याकडे वाटी पाठवण्याआधी आपण काय काय विचारतो ते तुम्हाला ठाऊक आहे. या वाक्याला टाळी पडली नाही. परतीच्या मोटारीत हरिभाऊंनी पान लावलं.

"सर, भाषण एक नंबर झालं. फक्त ते भार न विचारण्याचं वाक्य तेवढं गाळा. खोटं आहे असं नाई म्हणत मी. पण खरं बोलाले एक टाइम असते. इलेक्शन होऊ द्या, मंग बोला किती बोलायचं ते."

आणि मुलमुल्यांनी ते वाक्य काढून टाकलं. जबरदस्ती नव्हती, धमकी नव्हती. मोटारीत गादी मऊ होती आणि वाक्य एकच तर होतं. पुढे सेलूला त्यांनी मूळचंच भाषण केलं. मेश्रामांना ते कळलं असणार, पण त्यांनी विषय काढला नाही. ते तपासलेली पानं टेबलावर ठेवून जात, एवढंच. पूर्वी समोर बसत.

एकटे पडल्यावर मुलमुले पुन्हा कागदांकडे वळले, आणि तिथे एक भलतंच संकट उभं होतं. त्यांच्या सूत्रात नुसती ओढ होती. दोन कणांच्या ड्यूटेरॉनला ते चाले. पण मोठ्या गर्भात प्रत्येक कण प्रत्येकाला ओढू लागला तर सगळे एकमेकांत घुसून गर्भाचा चुरगळलेला गोळा व्हायला हवा. तसं होत नाही, कण वाढले की गर्भ त्या प्रमाणात फुगतो. परदेशी मासिकं जहाजानं येत, तीही पाच-सहा महिने शिळी. त्यांत उत्तर होतं. जोरात सोडलेले प्रोटॉन प्रोटॉनांवर आपटून पाहिले होते आणि त्यावरून लोक म्हणत होते की हे बल दूरवर शून्य, जवळ आलं की ओढ, आणि फारच जवळ गेलं की एकदम ढकलणं. आत एक कठीण गाभा, ज्यात दुसऱ्याला प्रवेश नाही.

मुलमुल्यांनी ते वाचून मासिक मिटलं. गाभ्यात प्रेम आहे असं त्यांनी जिल्हाभर सांगितलं होतं, आणि गाभ्यात धक्का निघाला होता. चार दिवस त्यांनी गाभ्याशिवाय जुळवायचा प्रयत्न केला. आकडे ऐकेनात. पाचव्या दिवशी ते मेश्रामांकडे गेले.

मेश्रामांनी सगळं वाचलं. "घाला की गाभा मंग."

"व्याख्यानाचं काय करू?"

"आकड्याले तुमचं व्याख्यान माईत नाई, सर," मेश्राम म्हणाले आणि खुर्ची ओढून पूर्वीसारखे समोर बसले.

छप्पनच्या ऑक्टोबरात मेश्रामांनी रजा घेतली आणि आई जिजाबाईंना घेऊन नागपूरला गेले. लाखो लोकांबरोबर त्यांनीही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. परत आले तेव्हा स्टाफरूममध्ये संस्कृतचे एक प्राध्यापक मोठ्या मनानं म्हणाले, "म्हणजे आमच्याच एका अवताराकडे गेलात की." मेश्राम माठाकडे गेले. माठाजवळचा पेला उचलला, पाणी भरलं, प्यायले आणि पेला पुन्हा होता तिथे उपडा घातला. कुणी काही बोललं नाही. स्टाफरूम सुसंस्कृत होती. दुसऱ्या दिवसापासून तिघा प्राध्यापकांना घरचंच पाणी मानवू लागलं आणि ते फिरकीचे तांबे घेऊन येऊ लागले. मुलमुले माठातलंच पीत राहिले. यात शौर्य काही नव्हतं, पण निदान पाण्यात ते मागे राहिले नाहीत.

सत्तावन्नच्या जानेवारीत निवडणुका तोंडावर आल्या. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि हरिभाऊंना तिकीट पाहिजे होतं. त्यांनी वर्ध्यात ऐक्य संमेलन भरवलं. मुंबईहून एक मंत्री आले. मांडव, लाउडस्पीकर, स्टेजवर मखमली सोफा, आणि मागच्या पडद्यावर ठळक अक्षरांत 'अणूतले प्रेम: प्रा. मुलमुले'. मेश्रामही आले होते, तिसऱ्या रांगेत बसले होते. मुलमुल्यांनी त्यांना या म्हटलं होतं, का ते सांगितलं नव्हतं.

मुलमुले माइकपाशी उभे राहिले. "गेली तीन वर्षं मी तुम्हाला अर्धवट सांगत आलो," ते म्हणाले. "ते आज पुरं करतो." मग त्यांनी सांगितलं की कण फार जवळ आले की एकमेकांना जोरात ढकलतात. ओढ आणि धक्का दोन्ही तिथे आहेत. आपल्या सूत्रात आता आठ अक्षरं आहेत आणि ती उत्तर जुळावं म्हणून घातली आहेत. जगात कुणालाही हे बल पुरतं कळलेलं नाही, आणि वाटीनं तर मुळीच कळत नाही.

गर्दीतून एक शेतकरी म्हणाला, "जवळ गेलं का भांडण, हे तर घरोघरी आहे गुरुजी," आणि मांडव हसला. मंत्री झोपले होते. मुलमुले खाली बसले. त्यांना वाटलं, झालं, सुटलो.

पण हरिभाऊ कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी माइक हातात घेतला. "बंधुभगिनींनो, सरांनी आज तर कमालच केली. अणूच्या गाभ्यात काय सापडले? मर्यादा. जवळ या, पण फार जवळ येऊ नका. प्रेम करा, पण ज्याने त्याने आपापल्या जागी राहून करा. एकमेकांत मिसळून घोटाळा करू नका. आपल्या पूर्वजांनी समाजाची जी रचना केली, तीच आज शास्त्राने सिद्ध झाली." टाळ्यांचा कडकडाट झाला. पूर्वी प्रेमाला पडल्या होत्या त्याहून जास्त.

मुलमुल्यांनी तिसऱ्या रांगेत पाहिलं. मेश्राम टाळ्या वाजवणाऱ्या लोकांकडे पाहत होते, वर्गात चुकीचं उत्तर एकसुरात देणाऱ्या पोरांकडे पाहावं तसं.

मुलमुले उठले आणि हरिभाऊंच्या हातातून माइक घेतला. आजवर त्यांनी कुणाच्या हातातून खडूही घेतला नव्हता.

"एक दुरुस्ती आहे. ते ढकलणं भार पाहून होत नाही. प्रोटॉन प्रोटॉनलाही तितकंच ढकलतो. हरिभाऊ म्हणतात ती मर्यादा अणूसारखी पाळायची, तर भावानं भावापासून पाळावी, हरिभाऊंनी मंत्रिमहोदयांपासून पाळावी. दोघं आता एकाच सोफ्यावर बसतात, ते शास्त्राला धरून नाही." हशा इतका झाला की मंत्री जागे झाले आणि काय झालं ते न कळून सोफ्याच्या कडेला सरकले. त्यावर आणखी हशा. "आणि खरं म्हणजे यातून माणसांनी कसं वागावं हे काहीच निघत नाही. अणूला वर्धा जिल्हा माहीत नाही. कुणाला जवळ करायचं, कुणाला खिडकीत ठेवायचं, हे आपण ठरवलेलं आहे. ते त्याच्या माथी मारू नका."

त्या दिवशी त्यांना हार मिळाला नाही. हरिभाऊंनी आभार मानले ते लाउडस्पीकरवाल्याचे. आणायला मोटार आली होती, पोचवायला आली नाही. मुलमुले आणि मेश्राम बोरगावच्या रस्त्यानं चालत निघाले.

"बोल्ले ते बरं केलं," मेश्राम म्हणाले. "पण उशिरा बोल्ले."

"हो."

"उद्या गाभ्याची त्रिज्या थोडी कमी करून पाहू. तिथं मले शंका आहे."

व्याख्यानांची बोलावणी त्या दिवसापासून बंद झाली. हरिभाऊंना तिकीट मिळालं नाही, पण त्यात मुलमुल्यांचा काही हात नव्हता, पक्षानं त्यांच्याहून मोठ्या जिनिंगवाल्याला दिलं. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जहाजानं आलेल्या मासिकांत अमेरिकेतल्या लोकांची पुरी सूत्रं छापून आली. कठीण गाभा, दिशेवरची ओढ, सगळं. गणित मोठ्या यंत्रावर केलेलं. मुलमुल्यांचे आठवडे त्या यंत्राला एका चहाइतके होते. मुलमुल्यांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी आपला ड्यूटेरॉनचा हिशोब काढून शेजारी ठेवून पाहिला. गाभ्याची त्रिज्या जवळजवळ तीच होती, मेश्रामांनी कमी केल्यानंतरची. अमेरिकनांच्या सूत्रात अक्षरं आणखी जास्त होती, हे ऐकून सुनीतीला त्यांची कीव आली.

गाभा धरून केलेल्या ड्यूटेरॉनच्या गणितात एक छोटी सोयीची रीत दोघांनी काढली होती. ती कुणाच्या मासिकात नव्हती. त्यावर दोन-तीन पानांचा लेख लिहून मुलमुले नागपूरला गर्ग्यांकडे गेले. गर्ग्यांनी लेख वाचला नाही, फक्त नावं वाचली.

"माझं नाव पहिलं घाला, तुमचं दुसरं. आणि हे मेश्राम? यांना शेवटी आभारात घाला."

"अर्धं काम त्यांचं आहे."

"म्हणूनच म्हणतो, आभार जरा सविस्तर माना."

मुलमुल्यांच्या डोळ्यांपुढे ती मोटारीतली मऊ गादी आली. "आभार तुमचे मानतो," ते म्हणाले. "नावं दोनच राहतील."

"आणि मेश्राम आधी का?"

"इंग्रजी अक्षरक्रमानं. मुलमुले नंतर येतं, त्याला मी काय करू?"

गर्ग्यांनी सही करायचं वचन दिलं होतं, केव्हा करू ते सांगितलं नव्हतं. प्रबंध त्यांच्या कपाटात वर्षभराहून जास्त पडून राहिला. दरम्यान कॉलेजात विभागप्रमुखाची जागा निघाली. डॉक्टरेट नसल्यामुळे ती मुलमुल्यांना मिळाली नाही. चालकांच्या मेहुण्याला मिळाली, डॉक्टरेट त्यालाही नव्हती. लेख मात्र एका लहानशा मासिकात छापून आला, दोन नावांनी. तो कुणी वाचला की नाही याचा पुरावा नाही. गर्गे सेवानिवृत्त झाले तेव्हा कपाट रिकामं करताना प्रबंध निघाला आणि त्यावर सही झाली. अशा रीतीनं श्रीनिवास मुलमुले डॉक्टर झाले. वर्ध्यात लोक त्यांना पोटदुखीवर औषध विचारू लागले.

एकोणसाठच्या जूनमध्ये मेश्रामांना औरंगाबादला कॉलेजात चांगली जागा मिळाली. त्यांना पोचवायला मुलमुले आणि सुनीती वर्धा स्टेशनवर गेले. जिजाबाई आधीच डब्यात बसून बोचकी सांभाळत होत्या. मुलमुल्यांच्या हातात कागदांचा गठ्ठा होता. दोन कणांचं झालं होतं, आता तीन कणांच्या गर्भाचा हिशोब घ्यायचा त्यांच्या मनात होतं. अर्धा त्यांनी करायचा, अर्धा मेश्रामांनी तिकडून.

"दोघांचं जुळवता जुळवता तुमची सात-आठ वर्षं गेली," सुनीती म्हणाली. "आता तिसरा कशाला आणता?"

मेश्राम हसले. ते हसलेले मुलमुल्यांनी फार क्वचित पाहिले होते.

"वहिनी, तिसरा आला का कोणाचंच जुळत नाई. मोठाल्या यंत्रवाल्याइचंबी जुळून नाई राह्यलं. म्हणून तर घेऊन राह्यलो." त्यांनी गठ्ठा घेतला, वरचं पान तिथेच उभ्याउभ्या वाचलं आणि खिशातली पेन्सिल काढली. "सर, हे दुसऱ्या ओळीत उणे पायजे."

मुलमुल्यांनी पान हातात घेऊन पाहिलं. गार्डनं शिटी दिली. "नाही," ते म्हणाले, "अधिकच बरोबर आहे. गाडीत बसून नीट पाहा." मेश्राम पान घेऊन डब्यात चढले, आणि गाडी हलली तरी दोघं खिडकीच्या आतून-बाहेरून त्या चिन्हावर वाद घालत होते.